पपायरसचं रोप : दोनदा मागवलं, दुसऱ्यांदा खरं निघालं

राहते अमळनेरला, अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. ज्याच्या दांडीपासून इजिप्तमध्ये कागद व्हायचा तो पपायरस मुलांना फोटोत दाखवायचा कंटाळा आला होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये ऑनलाइन मागवला. 350 रुपये, सहा दिवसांत दारात. ओल्या नारळाच्या भुशात गुंडाळलेलं रोप टवटवीत होतं, पॅकिंगला नाव ठेवायला जागा नव्हती. पण आत पपायरस नव्हता.

आला होता तो छत्रीसारखा दिसणारा लव्हाळा, सायपेरस इन्व्होल्युक्रेटस. तोही आफ्रिकेकडचाच, पण आपल्याकडे कुठल्याही नर्सरीत स्वस्तात मिळतो. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, मोठं झालं की तसंच दिसेल. नाही दिसणार! ही जातच वेगळी आहे. पैसेही परत मिळाले नाहीत.

तुमची फसगत होऊ नये म्हणून ओळख सांगते. दांडीच्या टोकाला लांब, चपटी, हिरवी पाती गोल पसरलेली असतील तर ती छत्री. ही पाती म्हणजे फुलोऱ्याखालची सहपत्रं. खऱ्या पपायरसची सहपत्रं आखूड असतात आणि त्यांच्यातून केसासारख्या बारीक काड्यांचा झुबका फुटतो, देवापुढच्या चवरीसारखा. ‘मिनी पपायरस’ म्हणून विकतात तो बहुधा सायपेरस प्रोलिफर. दोन-तीन फुटांचा, झुबक्यातल्या काड्या साधारण एकाच लांबीच्या. गॅलरीत ठेवायला तो छान, पण त्यालाही पपायरस म्हणून मोठ्या किमतीत घेऊ नका.

दुसरं रोप पुण्याकडच्या एका नर्सरीतून, 600 रुपयांना. आधी फोनवर झुबक्याचा जवळून काढलेला फोटो मागितला, त्यांनी दहा मिनिटांत पाठवला. रोप आलं तेव्हा सासूबाईंनी दांडी दोन बोटांत फिरवली, तीन कडा लागल्या, आणि म्हणाल्या, “हाऊ ते लव्हाळा शे!” त्यांचं अगदी बरोबर. कपाशीत वाकून उभ्या जन्मात जेवढा लव्हाळा त्यांनी निंदला, तेवढा कुठल्या प्राध्यापकाने पाहिला नसेल. गवताच्या दांडीला पेरं असतात आणि ती बहुधा पोकळ असते. लव्हाळ्याच्या कुळात दांडी बहुतेक तिकोनी, भरीव आणि पेराशिवायची. शेतातला नागरमोथा आणि हा पपायरस एकाच सायपेरस प्रजातीतले.

जुन्या सिमेंटच्या हौदात काळी माती घातली, वर चार बोटं पाणी, डासांसाठी गप्पी मासे. मे महिन्यात पारा 44 वर गेला तरी पाणी आटू दिलं नाही तोवर झाडाने तक्रार केली नाही. दुसऱ्या वर्षी सात फूट झालं. मूळ ठिकाणी, दक्षिण सुदानच्या सुद्द दलदलीत किंवा युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, ते चार-पाच मीटरपर्यंत जातं. त्याला बाधतो तो वारा. केळी झोपवणारं वादळ याच्याही दांड्या मोडतं, म्हणून हौद भिंतीच्या आडोशाला हवा. डिसेंबरच्या थंडीत झुबक्यांची टोकं तांबूस पडतात, होळीनंतर नवे कोंब येतात.

मोडलेल्या दांड्या वाया घालवल्या नाहीत. हिरवी साल ब्लेडने सोलली की आत पांढरा, स्पंजासारखा गाभा निघतो. भिंगाखाली हवेच्या पोकळ्या दिसतात. चिखलात प्राणवायू कमी, तिथे याच वाटेने तो मुळांपर्यंत पोचतो. गाभ्याच्या लांब, पातळ पट्ट्या काढल्या, दोन दिवस पाण्यात ठेवल्या, एक थर उभा आणि त्यावर एक आडवा रचला, फडक्यात घेऊन पाट्याखाली दाबला. रोज फडकं बदललं. सहाव्या दिवशी पोस्टकार्डाएवढा पिवळट, खरखरीत कागद हातात आला. डिंक नाही, काही नाही! एका विद्यार्थिनीने बोरूने त्यावर आपलं नाव लिहिलं, शाई जराही फुटली नाही. वर्गात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

ज्या इजिप्तने हा कागद दिला, तिथून रानटी पपायरस जवळजवळ नाहीसाच झाला होता. 1968 साली वादी नत्रूनमध्ये थोडा पुन्हा सापडला. हे सांगितल्यावर मुलं हौदाकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली.

दुसऱ्या नर्सरीला पाचपैकी चार. एक कापला, कारण कुंडीवरच्या लेबलवर नुसतं ‘पपायरस’ लिहिलेलं होतं, शास्त्रीय नाव नव्हतं, आणि पहिली फसवणूक तिथूनच तर झाली. पहिल्या विक्रेत्याला रोपाच्या तब्येतीसाठी एक. छत्री असो वा पपायरस, वाढलेला गड्डा बोरी नदीत किंवा नाल्यात टाकू नका, तिथे तो पाय पसरतो. मी येत्या पावसाळ्यात गड्डा फोडणार आहे. दोन कोंब कॉलेजच्या टाकीत जातील, एक सासूबाईंनी मळ्यातल्या हौदासाठी आधीच मागून ठेवलाय.