फुकटचं ओआरएस पाकीट: चव बेकार, काम चोख (5 पैकी 4)

आशाताईंनी दिलेली दोन पाकिटं सहा महिने फडताळात पडून होती. जानेवारीत अकरा महिन्यांच्या लेकीला आधी उलट्या, मग पाण्यासारखी संडास लागली, तेव्हा ती आठवलीच नाहीत. हे रात्री मेडिकलवरून गोड टेट्रापॅक अन् अँटिबायोटिकची बाटली घेऊन आले. गोड पाणी पोरीनं गटागटा पिलं आणि संडास अजून वाढली.

सकाळी औशाला लेकरांच्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, रोटा, नोरो असला विषाणू असणार, अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. आणि जास्त साखर आतड्यात पाणी ओढते, म्हणून टेट्रापॅक बंद. मी म्हटलं, रोटाच्या लसीचे थेंब तर सहा, दहा, चौदा आठवड्यांना पाजलेत की! तर म्हणाले, थेंबांमुळं रोटाचा जोर कमी राहतो, पण नोरो, ॲस्ट्रो, ॲडिनोला ते लागू नाहीत. तपासणीही सांगितली नाही, कारण कुठलाही निघाला तरी उपाय हाच: ओआरएस आणि झिंक. म्हणजे फडताळातलंच पाकीट!

आता पाकिटाबद्दल. दातानं फाडू नका, माझं पहिलं अर्धं ओट्यावर सांडलं. एक लिटर पाणी लागतं आणि आमच्यात मापाचं भांडं नाही. तांब्याच्या अंदाजानं करणार होते, मग एसटीत घेतलेली लिटरची बाटली आठवली. ती धुतली, उकळून गार केलेलं पाणी भरलं. चव खारट-गोड. पहिला चमचा पोरीनं माझ्या पदरावर थुंकला. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, परत चमचा-चमचा. एक वाटी पाजायला पाऊण तास लागला. हात दुखून आला. दुपारी साडेतीनला लंगोट लघवीनं ओला झाला, तेव्हा मी सगळ्यांना बोलावून दाखवला.

आत्याबाई म्हणत होत्या, अंगावरचं बंद कर. डॉक्टरांनी उलट जास्त पाज म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं घरात दोन दिवस अबोला. चौथ्या दिवशी संडास थांबली. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी मात्र 14 दिवस दिली, दुधात विरघळवून.

एक स्टार कापला तो बारीक अक्षरांसाठी. चष्म्याशिवाय आत्याबाईंना एक ओळ वाचता आली नाही. कालवलेलं पाणी 24 तासांनी टाकायचं असतं, हेही मलाच वाचून सांगावं लागलं. त्यांना काही टाकवेना. संध्याकाळी उरलेलं त्यांनीच पिऊन टाकलं अन् म्हणाल्या, "एवढं काय वाईट नाही."