‘हायरार्की’ शब्दाच्या मुळाशी: ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरीचे परीक्षण

समाजातील वरच्या-खालच्या पायऱ्यांविषयी लिहिताना आपण श्रेणीव्यवस्था, उतरंड असे शब्द योजतो, आणि त्यांच्याच जोडीला ‘हायरार्की’ही सर्रास वापरतो. या शब्दाचे मूळ ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याला डग्लस हार्पर यांनी उभारलेला ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा मोफत व्युत्पत्तिकोश मी आवर्जून सुचवेन.

नोंद जेमतेम एका परिच्छेदाची आहे, पण तिच्यात अर्थाचा प्रत्येक टप्पा काळासह दिलेला आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा रोख माणसांच्या समाजाकडे नव्हता; देवदूतांच्या नऊ गणांचे जे तीन विभाग मानले जात, त्यांपैकी एकाला तो लावला जाई. ही मांडणी डायोनिसियस या नावाने लिहिणाऱ्या ख्रिस्ती ग्रंथकाराची. त्याही मागे ग्रीक ‘हिएरार्खिया’, म्हणजे मुख्य पुरोहिताची सत्ता: ‘हिएरोस’ म्हणजे पवित्र आणि ‘आर्खेइन’ म्हणजे अधिकार चालवणे. व्यक्तींची किंवा वस्तूंची दर्जानुसार रचना हा आजचा अर्थ १६१० च्या दशकात दिसू लागतो आणि तोही आरंभी धर्मगुरूंपुरताच. उच्चनीचतेला पावित्र्याचा आधार कसा दिला जातो, याचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला एवढा क्रमही मोलाचा वाटेल.

मला सर्वाधिक भावला तो नोंदीचा संयम. उच्चारसाम्यामुळे या शब्दाचे मूळ ‘अधिक उंच’ अशा अर्थाच्या ‘हायर’मध्ये असावे असे सहज वाटते, कोश मात्र ‘हायर’ला मूळ न मानता, नंतरच्या अर्थावर त्याचा प्रभाव पडला असावा, एवढेच आणि तेही ‘बहुधा’ म्हणून नोंदवतो. व्युत्पत्ती सांगताना हा ‘बहुधा’ फार महत्त्वाचा असतो. ‘हिएरोस’पाशी दिलेला दुवा तर थेट क्रोधवाचक ‘आयर’ या शब्दाच्या नोंदीकडे नेतो, कारण दोहोंचे मूळ एकाच प्राचीन धातूत मानले जाते.

हा शब्दांचा कोश आहे, विचारांचा नव्हे. डायोनिसियसच्या लेखी ही श्रेणी दैवी प्रकाश वरून खाली पोहोचवणारी आणि जिवांना ईश्वराकडे उन्नत करणारी व्यवस्था होती. तो भाग समजून घेण्यासाठी धर्मविचाराचा स्वतंत्र संदर्भग्रंथ हाताशी हवाच.