पैसे दोन बॉयलरचे, आत एकही नाही

सेकंडहँड कॉफी मशीनच्या नावाखाली फसलो, त्याचे आकडे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे लाजेपोटी काही गाळायची सोय उरणार नाही. टोकन ५,०००. मशीन पॅक करण्याआधी ४०,०००. बिल्टीचा फोटो आल्यावर १७,५००. ट्रान्सपोर्टचं भाडं टू-पे, म्हणजे माल सोडवताना द्यायचं, २,१५०. झाले ६४,६५०. मशीन उघडून बघायचे मिस्त्रीला ३०० दिले होते, ते त्यानं "राहू द्या सर" म्हणून परत केले. त्यालाही दया आली असावी.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. दाब, उत्कलनबिंदू, वाफ हे माझ्या पोटापाण्याचे विषय. म्हणूनच जास्त झोंबतंय.

"कॉफीला एवढं मशीन कशाला?" हे घरी-दारी ऐकून झालंय, त्यामुळे थोडक्यात सांगतो. आमचं जुनं मशीन एका बॉयलरचं. कॉफीला पाणी साधारण ९३ अंशाला लागतं, दूध फेसाळायला बॉयलर १२५ च्या आसपास न्यावा लागतो. म्हणजे कॉफी काढा, वाफेसाठी थांबा, मग पुढच्या कपासाठी बॉयलर निवायची वाट बघा. चार माणसांच्या कॉफीत अर्धा तास जातो आणि पहिल्याचा कप धुवायला पडतो तेव्हा चौथा "माझी कुठाय?" विचारत असतो. डबल बॉयलरमध्ये दोन टाक्या वेगळ्या, तापमान वेगळं, कॉफी आणि वाफ एकाच वेळी. फ्लॉरेन्सच्या ला मार्झोकोनं ही रचना १९७० मध्ये आणली. नवं घ्यायचं तर मी बघितलेली सगळी दीड लाखाच्या पुढे, म्हणून सेकंडहँड शोधत होतो. यात हाव कुठं आली? किंमत निम्म्याहून कमी होती हे कबूल. पण कॅफे उघडतात नि वर्षात बंद पडतात हे आपण बघतोच की.

जाहिरात होती "पुण्यातला कॅफे बंद, डबल बॉयलर, ८५,०००". फोन केला. माणूस अदबीनं बोलणारा, वाक्याआड "सर". आणि इथं माझी जीभ सैल सुटली. पीआयडी (तापमान नेमकं राखणारी यंत्रणा) आहे का, कॉफी भरायचा फिल्टर ५८ मिलिमीटरचा आहे का, प्री-इन्फ्युजन (पूर्ण दाबाआधी पूड हलकी भिजवणं) होतं का, सगळं मीच विचारलं आणि प्रत्येक शब्दाचा अर्थही मीच समजावून सांगितला. तो म्हणायचा, "हो सर, तेच. तुमच्यासारखं जाणकार गिऱ्हाईक भेटत नाही." शेवटी ६२,५०० ला सौदा ठरला. विकणाऱ्याला कधीही "अमुक आहे का?" विचारू नका. "काय काय आहे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

आता तो व्हिडिओ कॉल. महिना झाला, अजून रात्री आठवतो. त्यानं मशीन चालू करून दाखवलं, कॉफी काढली, धार मस्त पडली. मी म्हटलं, आता स्टीम दाखवा. त्यानं बटण दाबलं, दिवा लुकलुकायला लागला आणि तो म्हणाला, "एक मिनिट सर, स्टीम तयार होऊ द्या." मग पुण्याच्या ट्रॅफिकवर बोलला, सांगलीच्या भडंगाची चौकशी केली. मिनिटभरानं वाफ आली.

कशाला थांबायचं होतं? थांबायला लागू नये म्हणून तर मी दुसऱ्या बॉयलरचे पैसे मोजणार होतो! सहा महिने ज्या एका गोष्टीसाठी वाचत होतो, ती नाही हे तो मला डोळ्यांदेखत दाखवत होता. आणि मी? मनातल्या मनात त्याची वकिली करत होतो. मशीन आत्ताच लावलं असेल, व्होल्टेज कमी असेल. वाफेनंतर त्यानं दुसरा कप काढला नाही, मीही काढ म्हटलं नाही. तुम्ही म्हणा. दोन्ही एकाच वेळी चालवून दाखव म्हणा, आणि नाही म्हणाला तर तिथंच फोन ठेवा.

बिलही आलं होतं. पत्ता पुण्याचा, जीएसटी नंबर २९ नं सुरू होणारा. २९ म्हणजे कर्नाटक, महाराष्ट्राचा २७. हे मला नंतर कळलं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, तीही मी दिली नाहीत.

माधवनगर रोडच्या गोडाऊनमध्ये हमालानं खोकं एका हातानं उचललं. "सर, आत काय हाय, का नुस्ता पुठ्ठाच?" डबल बॉयलरचं मशीन सहसा बारा-पंधरा किलोच्या खाली नसतं, हे सहा किलो भरलं. त्या हमालाला जे कळलं ते मला मान्य करायला घरी येऊन झाकण खोलावं लागलं. आत ॲल्युमिनियमचा एक थर्मोब्लॉक, म्हणजे टाकीसुद्धा नाही, पाणी जाता-जाता तापवणारी नुसती वीट. समोर दोन दाबमापक, त्यातल्या एकाच्या मागं नळीच नाही. नुसता चिकटवलेला. बायको एवढंच म्हणाली, "अहो, काटा हलत नव्हता हे तरी बघायचं."

त्याचा फोन बंद. मी आठ दिवस कुणाला बोललो नाही आणि तिथं उरलंसुरलं गेलं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० ला, पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येण्याची आशा असते, मी केला नवव्या दिवशी. बँकेतली मुलगी मान वर न करता म्हणाली, "पिन तुम्हीच टाकला ना?" हो बाई, मीच टाकला. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी हवालदारानं विचारलं, "कापीचं मशीन? बासष्ट हजारांचं?" आणि पलीकडच्या टेबलावरच्याला हाक मारून, "ये, हे ऐक" म्हणाला. मी, माझ्या हातात प्रिंटांची फाईल, आणि ते दोघं हसताहेत. मग निवाडा असा, की वस्तू मिळालीय, मग फसवणूक कसली, ही दिवाणी बाब, पुण्याला जावा. मी म्हटलं, उद्या सोन्याच्या नावानं पितळ दिलं तरी वस्तू मिळालीच म्हणणार का? त्यावर "सर, शिकवायला कॉलेज हाय की" असं उत्तर. चार खेटे झाले. अर्जाची पोच चौथ्या खेपेला मिळाली, तीही शिक्क्याची शाई संपली होती म्हणून नुसती सही करून. पहिल्याच दिवशी पोच घेतल्याशिवाय उठू नका, कुणी हसलं तरी.

वकील मित्र म्हणतो, ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. पण नोटीस कुणाला पाठवायची? बिलावरच्या पत्त्यावर मेव्हणा जाऊन आला. तिथं झेरॉक्सचं दुकान आहे.

परवा तोच फोटो, नवा नंबर, किंमत ६८,०००. या वेळी वर्णन भरगच्च होतं. "पीआयडी, ५८ मिलिमीटर, प्री-इन्फ्युजनसह." आधीच्या जाहिरातीत यातला एकही शब्द नव्हता. मी लगेच रिपोर्ट केली. आज सकाळी बघितली, अजून आहे.