गोवा १९६१ की ढाका १९७१?

नेहरू आणि इंदिरा गांधी या बाप-लेकीने दहा वर्षांच्या अंतराने, डिसेंबरातच लष्कर वापरलं. तऱ्हा मात्र वेगळ्या.

नेहरूंनी आधी चौदा वर्षं वाटाघाटींची वाट पाहिली. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, तरी दिल्ली नाकेबंदीपुढे गेली नाही. अखेर १८ डिसेंबर १९६१ ला फौजा आत शिरल्या आणि दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आले. शेवटपर्यंत लढण्याचा पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारचा हुकूम त्यांनी गुंडाळून ठेवला. लष्करी काम चोख, राजनैतिक मशागत कच्ची. जगाला शांततेचे धडे देणाऱ्यानेच बंदूक उचलली म्हणून पाश्चात्त्यांनी झोड उठवली. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत व्हेटोने निभावलं.

इंदिराबाईंनी मशागत आधी केली. लष्करप्रमुख माणेकशांनी तयारीला वेळ मागितला, तो दिला. दरम्यान ९ ऑगस्ट १९७१ ला सोव्हिएत संघाशी करार, मग पाश्चात्त्य राजधान्यांचा दौरा, सोबत पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून) आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांची कैफियत. ३ डिसेंबरला पाकिस्ताननेच हवाई हल्ले केले, ते पथ्यावरच पडलं. अमेरिकी आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, तरी १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानच्या शरणागतीवर सह्या झाल्या.

कौशल्यात लेक सरस, यात मला शंका नाही. पण पदरात काय पडलं? गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने १९७४ च्या अखेरीस कराराने मान्य केलं, विषय मिटला. पाकिस्तानशी १९७२ च्या सिमला करारात मात्र ९३ हजार युद्धकैदी हाती असूनही काश्मीरचं घोंगडं भिजतच राहिलं.