९१७ की ४९९पी?

नाना पेठेतल्या गॅरेजवर चहाबरोबर हा विषय निघतोच: फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या मोटार शर्यतीसाठी कोणती गाडी, जुनी पोर्शे ९१७ की आजची फेरारी ४९९पी?

९१७ ने १९७० आणि १९७१ साली शर्यत जिंकली. हवेने थंड होणारं १२ सिलिंडरचं इंजिन, वजन जेमतेम ८०० किलो. पण जीव अडकतो तो तिच्या सांगाड्यात. ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या, त्यांत दाबाने भरलेला वायू. दाब उतरला की समजायचं, कुठंतरी जोड तडकलाय! वजन वाचवायला गिअरची मूठसुद्धा हलक्या बाल्सा लाकडाची. चालकाचे पाय मात्र पुढच्या आसाच्याही पुढे. धडक बसली तर पहिले तेच.

४९९पीत चालक कार्बन फायबरच्या कवचात बसतो. ३ लिटरचं व्ही-६, दोन टर्बो, पुढच्या चाकांना विजेची मोटर. २०२३ पासून सलग तीन विजय.

१९७१ च्या ९१७ ने ३९७ फेऱ्या मारल्या, ४९९पीने २०२३ मध्ये ३४२. पण १९७१ मध्ये तिथल्या लांबलचक सरळ रस्त्यावर शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी वळणं, नव्हते; ते १९९० साली आले. त्यामुळे नुसत्या फेऱ्या मोजून निकाल लावणं अन्यायाचं.

कारागिरी डोळे भरून पाहायची तर ९१७. भाच्याला आत बसवायचं तर ४९९पीच.