जाळीचे पेव्हर: ४ स्टार, पण खालची माती बघून घ्या

अंगणातला काँक्रीटचा कोबा काढून हे जाळीचे पेव्हर बसवले, भोकांत खडी भरली आणि पहिल्याच जोरदार पावसात फरक दिसला, आधी जवळजवळ सगळं पाणी गेटबाहेर पळायचं ते आता तिथेच मुरतं. रनऑफच्या, म्हणजे न मुरता वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या हिशेबात, जमिनीला कर्व्ह नंबर देतात (जितका जास्त तितकं पाणी जास्त वाहतं), काँक्रीटचा ९८ धरतात, १०० म्हणजे सगळंच वाहून गेलं, यावरून काय ते समजा! पण रेताड माती पाणी पटकन पिते, चिकणमाती फार हळू, त्यामुळे चिकणमाती असेल तर खाली खडीचा थर जाड घ्या. आणि माती गरजेपेक्षा जास्त रोलरने दाबू देऊ नका प्लीज, तिच्यातली पोकळीच जाते. गाडी लागते त्या कोपऱ्यात मात्र बारीक गाळ बसून पाणी साचतंय, तिथली खडी काढून धुवावी लागते.