प्रागचा चौक की क्राकोवचा?

मध्य युरोपात एकाच जुन्या चौकासाठी सवड असेल, तर आपण तेथे काय करणार हे आधी ठरवावे. बारकाईने पाहायचे असल्यास चेकियातील प्राग आणि निवांत वावरायचे असल्यास पोलंडमधील क्राकोव, असे माझे मत आहे.

प्रागच्या चौकात लोकांना खेचून आणते ते जुन्या नगरभवनावरील 1410 चे खगोलीय घड्याळ. दर तासाला त्याच्या खिडक्यांमागून बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरून जातात आणि तेवढ्यापुरती खाली गर्दी लोटते. मे 1945 च्या लढाईत मूळच्या मूर्ती जळाल्या. आजच्या मूर्ती त्यानंतर घडवलेल्या आहेत. खरा ऐवज आहे तो घड्याळाच्या दोन तबकड्यांपैकी वरच्या तबकडीत. पृथ्वी मध्यभागी कल्पून सूर्य-चंद्र कोणत्या राशीत आहेत हे ती दाखवते, आणि तिच्या बाहेरच्या कड्यावर सूर्यास्तापासून मोजलेले चोवीस तास असतात. सूर्योदयापासून वार मोजणाऱ्या पंचांगाची ओळख असलेल्या आपल्या वाचकाला ती उलगडण्यात विशेष आनंद मिळेल. म्हणून मूर्ती फिरून गेल्यावर, गर्दी पांगली की तेथे जावे. जवळच फरसबंदीत 27 पांढरे क्रूस आहेत. 21 जून 1621 रोजी याच ठिकाणी हॅब्सबर्ग राजसत्तेविरुद्धच्या बंडातील 27 जणांना देहदंड देण्यात आला. त्यांवरून नकळत पावले टाकत जाणारे पर्यटक पाहून वाईट वाटते.

क्राकोवचा चौक 1257 मध्ये आखला गेला. त्याची प्रत्येक बाजू सुमारे 200 मीटर आहे. त्यामुळे मधोमध कापडबाजाराची लांबलचक इमारत असूनही गर्दी अंगावर येत नाही. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला चारही दिशांना ट्रम्पेट वाजते आणि धून मध्येच तुटते. चाल करून आलेल्या तातारांच्या बाणाने वादकाचा गळा वेधला गेला, अशी त्यामागची आख्यायिका आहे. आत फाइट श्टॉस या शिल्पकाराने 1477 ते 1489 या काळात घडवलेली लाकडी वेदी आहे. नाझींनी जर्मनीला नेलेली ही वेदी युद्धानंतर परत आली, हे ठाऊक असले की तिच्यासमोर पाय अधिकच रेंगाळतात. चौकाखालच्या संग्रहालयात मध्ययुगीन बाजाराचे अवशेषही पाहता येतात.

दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला होता, त्यामुळे पोलंडविषयी आपुलकी असणाऱ्यांचा कौल क्राकोवलाच जाईल. माझाही तोच आहे. तेथे दुपारी बाराच्या थोडे आधी पोहोचावे, कारण त्या वेळची धून पोलिश रेडिओवरूनही ऐकवली जाते.